तीन वाफ्यांचं इंग्रजी

सकाळी सकाळी शेळीनं इंग्रजी खाल्लं आणि घरात भांडण पेटलं.

दाराची चिठ्ठी, बादलीची चिठ्ठी आणि खाटेची चिठ्ठी, अशा तीन चिठ्ठ्या तिनं सुतळीसकट गट्ट केल्या. तिची स्वतःची तेवढी शिंगाला बांधलेली होती म्हणून वाचली. रोपवाली झारी घेऊन वाफ्यातून परत आली, तेव्हा शेळी उंबऱ्यात उभी राहून निवांत रवंथ करत होती आणि नवरा खाटेवर बसून दाढी करत होता.

"अहो, डोळे फुटले होते का? समोर शेळी माझा अभ्यास खातेय!"

"खाऊ दे की. तुझ्यापेक्षा तिच्या डोक्यात जास्त राहील."

"तिला सोडलं कुणी?"

"मला काय ठाऊक? मी आरशात बघत होतो."

"एवढं काय बघायचंय त्यात? तीस वर्षं तेच ध्यान आहे!"

नवऱ्यानं तोंड धुतलं, दोरीवरचा शर्ट अंगात घातला आणि ऐटीत चहाच्या टपरीकडे निघाला. त्या शर्टाच्या पाठीला रोपवालीनं आदल्या दिवशीच 'हजबंड' अशी चिठ्ठी टाचली होती. ती सांगणारही होती, पण शेळीचा राग होता, म्हणून गप्प बसली. तासाभरानं तो परत आला तो लालबुंद होऊन. टपरीवर न्हाव्यानं सगळ्यांदेखत "या हजबंड, बसा हजबंड" केलं होतं. त्या दिवसापासून गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला हजबंड म्हणायला लागली.

आता हे चिठ्ठ्यांचं खूळ कुठून आलं, ते सांगायला पाहिजे. रोपवाली म्हणजे गावाला मिरची, वांगी, टोमॅटो, कोबीची रोपं पुरवणारी बाई. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण निम्म्या गावाच्या रानात जे हिरवं दिसायचं, ते आधी तिच्या वाफ्यात उगवलेलं असायचं. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी ती एक काडी खोचायची अन् काडीला चिठ्ठी. बी कुठलं, पेरलं कधी. इंग्रजी शब्द शिकायची वेळ आली तेव्हा तिला दुसरं काही सुचलं नाही. जे शिकायचं त्याला काडी लावली, चिठ्ठी बांधली. घराला अशा काड्या फुटल्या होत्या की पाहुणा आला तर बसताना आधी खाली बघायचा.

आणि हे इंग्रजी सुरू झालं ते मुलीच्या फोनमुळे. मुलगी सातासमुद्रापलीकडे नर्स होती, जावई बस चालवायचा. चार महिन्यांपूर्वी तिचा फोन आला होता.

"आई, बाळ होऊन दोन महिने झाले की मला कामावर जावं लागेल. दुपारभर घरात कुणी नसतं. तुमच्यातलं एक जण या. खोली एवढीशी आहे, दुसरी पथारी पसरली तर दार उघडत नाही."

"मी येते," रोपवाली म्हणाली.

"मी येतो," नवरा म्हणाला. दोघांचं एकाच दमात निघालं, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

मुलगी पलीकडे आधी हसली, मग गंभीर झाली. "बाळाला काही झालं तर दवाखान्याला फोन करून सांगता आलं पाहिजे. इथं आपली भाषा कुणाला कळत नाही. बाळ पडलं, बाळ पडतंय की बाळ पडेल, एवढं तरी समोरच्याला समजलं पाहिजे. शब्द चुकले तर चालतील. पण झालंय की होतंय की होणार आहे, यात गोंधळ झाला तर गाडी नको तेव्हा येईल. मी परीक्षा घेतली तर आईला पास करीन, म्हणून आमच्या वॉर्डातली मोठी नर्स फोनवर घेईल. जो पास होईल, तो येईल."

नवऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. त्याच्या दृष्टीनं निकाल लागलेला होता. तो कालव्याचा गेटवाला होता. तीस वर्षं त्यानं पाणी सोडायचं अन् बंद करायचं, एवढंच काम केलं, पण केलं ते इंग्रजी बोलणाऱ्या इंजिनियरांच्या हाताखाली. रजेचे अर्ज तो इंग्रजीत लिहायचा. शाळा दहावीपर्यंत झाली होती, म्हणजे दहावीच्या दारापर्यंत. बायकोला म्हणाला, "तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तुझी रोपं बरी अन् तू बरी."

रोपवालीला ते फार लागलं. तिची मुलगी या वाफ्यांच्या मधल्या वाटेत रांगली होती. एका हातानं बी टोकायचं अन् दुसऱ्या हातानं तिला मातीतून उचलायचं, असं तिनं तिला वाढवलं होतं. पाच वर्षं झाली, पोरीला हात लागला नव्हता. आता पोरीची पोर होणार होती. ती तिला मांडीवर घ्यायची होती, अन् त्यासाठी इंग्रजी काय, कोल्ह्याची भाषासुद्धा ती शिकली असती.

शिकवायला तिनं पंपवाल्याला गाठलं. पंपवाला आता गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, पण त्याआधी वीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. त्याचं इंग्रजी खणखणीत, फक्त सगळं खलाशांकडून उचललेलं. कुठलंही वाक्य तो 'ब्लडी' लावल्याशिवाय सुरूच करायचा नाही.

"हे ब्लडी म्हणजे काय हो?" रोपवालीनं एकदा विचारलं.

पंपवाल्यानं डोकं खाजवलं. बाईमाणसासमोर खरं सांगायचं तरी कसं? "म्हणजे... बोलण्याला वजन येतं वहिनी."

"मग बरंय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला उठवताना म्हणाली, "ब्लडी गुड मॉर्निंग." गेटवाला ताडकन उठून बसला. हा शब्द त्यानं इंजिनियरांच्या तोंडून ऐकला होता, आणि दर वेळी स्वतःसाठीच ऐकला होता. पण अर्थ सांगितला तर आपलं पितळ उघडं पडेल, म्हणून तोही काही बोलला नाही.

शब्द पटापट येत होते. डोअर, बकेट, वॉटर, ब्लड, फीव्हर, फूट. घोडं अडलं ते काळावर. 'वेंट' कधी अन् 'गो' कधी, तिच्या डोक्यात काही केल्या बसेना. पंपवाल्यानं पाटीवर तीन रकाने आखले, तेही पुसले.

उन्हं तापली होती. वारा असा कोरडा होता की सकाळी शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत वाफ्यावर राहत नव्हतं, वरची माती पापडासारखी उलायची. रोपवाली वाफ्याच्या मधल्या वाटेत उकिडवी बसून तण काढत होती, अन् पंपवाला बांधावर बसून घाम पुसत होता.

"वहिनी, सोडा नाद. तुमच्या डोक्यात नाही शिरणार."

तिनं रागानं वर बघितलं. डाव्या हाताला रिकामा वाफा होता, रोपं उपटून लोक घेऊन गेलेले. समोर हिरवी रोपं वीतभर उंच झुलत होती. उजव्या हाताला वाफा नुसता सारखा करून ठेवलेला, बी अजून डब्यात.

"थांबा," ती म्हणाली. "डावीकडचं झालं. समोरचं चाललंय. उजवीकडचं होणार आहे. असंच ना?"

पंपवाला बांधावरून उठला. "अगदी ब्लडी असंच!"

मग काय विचारता. वीस दिवसांत काळ तिच्या बोटावर खेळायला लागला. डावीकडे वळली की 'आय वेंट', समोर बघितलं की 'आय ॲम गोइंग', उजवीकडे वळली की 'आय विल गो'. येणारे-जाणारे बघायचे, बाई वाफ्यात उभी राहून गिरक्या घेतेय अन् स्वतःशीच बडबडतेय. न्हाव्यानं गावात उठवलं की रोपवालीला ऊन लागलं. तिनं कान दिला नाही. नवरा मात्र जवळूनही फिरकला नाही. तो ओट्यावर बसून आपले जुने अर्ज पाठ करत होता.

बाळ झालं. मुलगी. फोनच्या काचेत एवढंसं तोंड दिसलं, मिटलेल्या मुठी दिसल्या. रोपवालीनं काचेवरून बोट फिरवलं तर फोन बंद पडला. तेव्हा गेटवाला तिच्यावर खेकसला नाही, याचं तिला नवल वाटलं. तो नुसता काळ्या काचेकडे बघत बसला होता.

परीक्षेच्या दिवशी त्यानं इस्त्रीची पँट घातली. फोन आतल्या खोलीत धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला. काचेत मोठी नर्स आली, पांढऱ्या केसांची, चष्म्याची, जाडजूड बाई. तिच्यामागे मुलगी बाळाला घेऊन उभी होती. पंपवाला दारात, गुरू म्हणून. आधी गेटवाला बसला.

नर्सनं सावकाश विचारलं. तुम्ही घरात एकटे आहात, बाळ खाटेवरून पडलं, तुम्ही मला फोन केलाय. बोला.

गेटवाल्यानं घसा साफ केला. "रिस्पेक्टेड सर. विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट..."

तो बेगत राहिला, बेगत राहिला. नर्सनं तीनदा घड्याळ बघितलं. गाडी येईपर्यंत बाळ शाळेत गेलं असतं. शेवटी तिनं मध्येच थांबवून विचारलं, बाळ रडतंय का?

"यस सर."

बाळ श्वास घेतंय का?

"यस सर."

बाळ श्वास घेत नाहीये का?

"यस सर!" गेटवाला उठून उभाच राहिला.

मुलीनं बाळाच्या दुपट्यात तोंड लपवलं. तीस वर्षांत गेटवाल्यानं इंजिनियरांना दुसरं उत्तर दिलंच नव्हतं. त्याला त्याचं कळलं, अन् चेहरा पडला. तो मागच्या दारानं वाफ्यांकडे निघून गेला.

मग रोपवाली बसली, आणि तिची बोबडी वळली. समोर धान्याचा डबा, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. काय झालं, काय चाललंय, काय होणार, सगळं त्या चार भिंतींत कोंबलेलं. नर्सनं प्रश्न विचारला, पुन्हा विचारला. रोपवालीनं मान डावीकडे वळवली तर तिथं खुंटीला पँटचा पट्टा लटकत होता. त्यावरून कसला भूतकाळ आठवणार?

"आई, बोल ना गं," मुलगी कळवळून म्हणाली.

रोपवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या उन्हातान्हात केलेली मेहनत एका डब्यापुढे मातीत चालली होती. तिनं फोन उचलला अन् उठली. "वन ब्लडी मिनिट," नर्सला म्हणाली, अन् तशीच मागच्या दारानं बाहेर पडली. पंपवाला मागून धावला. नर्सला काचेत आधी छप्पर दिसलं, मग आभाळ, मग शेळी.

वाफ्यांच्या मधल्या वाटेत रोपवाली जाऊन उभी राहिली. डावीकडे रिकामा वाफा, समोर रोपं, उजवीकडे सारखी केलेली माती. तिला एकदम हायसं वाटलं. आणि तेवढ्यात पुढच्या सरीत धप्पकन आवाज झाला. पराभवाच्या तंद्रीत फेऱ्या मारणारा गेटवाला ओल्या सरीत पाय घसरून सपशेल आडवा झाला होता, इस्त्रीच्या पँटीसकट.

रोपवाली फोनमध्ये बघून ओरडली, "ब्लडी नर्स!"

नर्सचा चष्मा नाकावरून घसरला. रोपवाली डावीकडे वळली. "माय हजबंड स्लिप्ड." समोर वळली. "ही इज शाउटिंग." उजवीकडे वळली. "ही विल ब्लेम मी."

"तूच पाणी सोडून ठेवलंस इथं!" चिखलातून आवाज आला.

नर्सला हसू आवरेना. पण बाई पक्की होती. हसतच तिनं विचारलं, रक्त आहे का? पाऊल कसं आहे?

रोपवालीनं वाकून पाऊल बघितलं. घोट्याजवळ टरारून फुगत होतं. "नो ब्लड," ती म्हणाली आणि गिरकी घेतली. "फूट वॉज स्मॉल. फूट इज बिग. फूट विल बी ब्लडी बिगर."

नर्सनं सांगितलं, पाय उंच ठेवा, गार पाणी लावा, पाच मिनिटांनी पुन्हा सांगा. रोपवालीनं गेटवाल्याचा पाय उलट्या टोपलीवर ठेवला आणि झारीनं पाणी सोडलं. तो कण्हत होता, शिव्या देत होता, अन् ती प्रत्येक शिवीचा काळ नर्सला नीट सांगत होती. पाच मिनिटांनी काचेत नर्सनं अंगठा वर केला. मुलगी रडत होती की हसत होती कळेना. बाळ मात्र ढाराढूर झोपलं होतं.

पंपवाल्यानं गावभर पेढे वाटल्यासारखी ही गोष्ट वाटली. गेटवाला तीन दिवस पायाला फडकं गुंडाळून खाटेवर पडून राहिला. चौथ्या दिवशी रोपवाली त्याच्यासमोर चहा ठेवून वळली, तेव्हा म्हणाला, "आपली पोर रांगायला लागली कधी, मला ठाऊक नाही."

ती थांबली.

"चालली कधी, तेही नाही. मी गेटवर होतो. घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. म्हटलं, ही दुसरी तरी पहिल्यापासून बघावी."

रोपवालीला वाटलं, म्हणावं, जा तुम्हीच. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिला नात हवी होती, खोटं कशाला बोला. ती नुसतीच खाटेच्या कडेला बसली.

"अशी सुतकी बसू नकोस," तो म्हणाला. "यस सर करून पोर सांभाळता येत नाही, एवढं मला कळतं. तू जा. फक्त जाण्याआधी या तुझ्या वाफ्यांचं काय करायचं, ते सांग. मला त्यातलं काही येत नाही."

"आयुष्यभर गावाच्या रानात पाणी सोडलंत, अन् माझ्या वाफ्यात झारीभर टाकता येत नाही?"

"तिथं चाक फिरवलं की झालं. इथं किती टाकायचं, कधी टाकायचं?"

मग तीन आठवडे ती मास्तरीण झाली अन् तो विद्यार्थी. लंगडत लंगडत तिच्यामागं फिरायचा. पाणी सकाळी, उन्हाच्या आधी. झारी उंच धरायची नाही, कोवळं रोप मोडतं. माती बोट खुपसून बघायची, वरून बघून फसायचं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी झारी एका जागी धरून वाफ्यात तळं केलं. तिनं कपाळावर हात मारला. जायच्या आदल्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या काड्या काढून वाफ्यांत खोचल्या, प्रत्येकीला नवी चिठ्ठी, केव्हा पाणी, किती पाणी. शेळी दावणीला पक्की बांधली, अन् गेली.

तिकडं खोली खरंच एवढीशी होती. स्वयंपाकाच्या ओट्यापुढं एक खिडकी, तिच्या कठड्यावर रोपवालीनं पहिल्याच आठवड्यात तीन डबे मांडले. डावा रिकामा, मधल्यात कोथिंबीर, उजव्यात नुसती माती. मुलगी दुपारी कामावर गेली की ती नातीला खांद्यावर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची. दूधवाला, शेजारीण, बसमधली म्हातारी, सगळ्यांशी ती बोलायला लागली, अन् 'ब्लडी'मुळे सगळ्यांची लाडकी झाली. मुलीनं तिला अर्थ सांगितला तेव्हा फार उशीर झाला होता. "असू दे," ती म्हणाली, "वजन येतं."

महिना झाला असेल. नातीला नुकतीच झोप लागली होती, अन् फोन वाजला. गेटवाला होता. नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो, काय झालं?"

"मेली गं सगळी."

"कोण मेली?"

"मिरचीची रोपं. दोन दिवस मला ताप होता. उठवलंच नाही. आज येऊन बघतो तर सगळी माना टाकून पडलीयेत. तुझी इतक्या वर्षांची मेहनत मी घालवली." त्याचा आवाज फाटला होता. तो रडत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

गावातली एवढी माणसं रोपांची वाट बघत होती. पण ती खिडकीपुढं ताठ उभी राहिली, डब्यांकडे बघत.

"रडू नका. कुठं उभे आहात?"

"मधल्या वाटेत."

"मग इंग्रजीत सांगा. मेलीत, मरतायत की मरतील?"

"अगं, ही काय वेळ आहे का..."

"सांगा म्हणते ना! बोट खुपसा मातीत. देठ हातात धरा. देठ हिरवा आहे का?"

पलीकडे तो खाली वाकल्याचं तिला कळलं. गुडघे कटकन वाजले. मग तो हळूच म्हणाला, "देठ हिरवाय. खाली थोडी ओलही लागतेय."

"मग?"

"विल," तो म्हणाला. "विल डाय."

"विल डाय तर आपण दोघंही आहोत," रोपवाली म्हणाली. "तोवर झारी उचला अन् पाणी घाला. हळू, बुडाशी."

"यस सर," तो म्हणाला.

फोन त्यानं बांधावर ठेवला असावा, कारण पाण्याचा आवाज लांबून यायला लागला. नात झोपेत कुरकुरली. तिला थोपटत, फोन कानाला लावून, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर ती तशीच उभी राहिली.